पुरलेल्या नळातील तुंब आणि वाहत्या पाण्याची साक्ष

चंदन नदीच्या काठावरील आमच्या रामपायलीत धानाच्या बांध्यांना पाणी नेणारा पाट कोठे तुंबला हे पाहावयाचे असता शेतकरी पाणी तोडीत नाही. पाणी चालू ठेवूनच तो पाटाच्या कडेने चालत जातो, आणि जेथे वरच्या अंगाला पाणी फुगलेले व खालच्या अंगाला ओसरलेले आढळते, तेथे फावडे घालतो. मोठ्या इस्पितळांच्या आणि कचेऱ्यांच्या आवारात जमिनीखालून जाणाऱ्या, वातानुकूलनाच्या थंड पाण्याच्या नळांविषयी मात्र सुशिक्षितांचाही समज नेमका उलटा असतो: नळ बंद करावा, जमीन खणावी, तेव्हा कोठे अडथळा सापडेल.

वस्तुस्थिती अशी की, पाणी थांबताच अडथळ्याची खूणच पुसली जाते. पाणी थंड करणाऱ्या चिलर यंत्रातून सुमारे ६ ते ७ अंश सेल्सियसचे पाणी निघते आणि इमारतीतील उष्णता शोषून १२ ते १३ अंशांनी परतते. या प्रवासात घर्षणामुळे त्याचा दाब क्रमाक्रमाने घटत जातो, आणि वाट जेथे अरुंद झाली असेल तेथे तो एकाएकी कोसळतो. स्थिर पाण्यात घर्षण नाही, म्हणून ही घटही नाही. अर्धवट तुंबलेला नळ आणि मोकळा नळ मग सारखाच जबाब देतात. शिवाय ही घट साधारणतः प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, प्रवाह निम्मा झाला की घट चतुर्थांशच उरते, यास्तव तपास रात्रीच्या मंद प्रवाहात न करता वैशाखातील भर दुपारी, पंप पूर्ण वेगाने चालू असताना करावा.

झडपेलगत दाब मोजण्यासाठी जी लहान तोटी ठेवलेली असते, तिला झडपेच्या प्रत्येक चेंबरात एकच दाबमापक क्रमाने लावीत जावे; दोन निराळे मापक वापरले तर त्यांच्यातील आपसांतला फरकच अडथळा भासू लागतो. जमिनीच्या चढ-उताराचा हिशेब मीटरास मीटर असा करून घ्यावा. समजा, शंभर शंभर मीटरांच्या चार टप्प्यांत घट अनुक्रमे २, २, ८ आणि २ मीटर पाण्याइतकी निघाली, तर संशयित तिसरा टप्पा होय. परंतु घट सर्वच टप्प्यांत सारखी वाढलेली असेल, तर दोष एका जागी नसून नळभर बसलेल्या गंजाचा किंवा बुळबुळीत थराचा आहे, आणि तेथे कुदळीने काही साधावयाचे नाही. तोटीच नसेल तर वाहत्या नळाला छिद्र पाडून ती बसवण्याची, हॉट टॅपिंग नावाची, रीत उपलब्ध आहे. ती जाणत्या कारागिराच्याच हाती सोपवावी.

पंपाच्या पुढच्या दाबमापकाचा काटा वर चढला म्हणजे पाणी जोराने चालले, असेही पुष्कळ मानतात. वस्तुतः पुढची वाट अडली की केंद्रोत्सारी पंपाचा दाब वाढतो आणि पाणी मात्र घटते. नळावर बाहेरूनच बांधावयाचा अल्ट्रासॉनिक प्रवाहमापक अनेक फाट्यांपैकी उपाशी कोणता हे सांगतो, पण अखंड नळातील नेमके ठिकाण त्याला उमगत नाही, कारण तेथे प्रवाह सर्वत्र एकच असतो. उष्णता दाखवणारा कॅमेरा आणि गळतीचा आवाज ऐकणारे यंत्र हे गळतीच्या शोधाचे साथीदार आहेत; तुंब शोधताना त्यांच्यावर भिस्त ठेवू नये.

खणण्याचा हुकूम देण्यापूर्वी गाळणी उघडून पाहावी आणि झडपही तपासावी, कारण मूठ उघडी दिसत असूनही आतील तबकडी तुटून आडवी राहिल्याने नळ अडतो.

आमच्याच मध्य प्रदेशात, बुऱ्हाणपूरला, अब्दुर्रहीम खानखानानच्या काळी १६१५ साली उभारलेल्या कुंडी भंडारा या भुयारी जलवाहिनीवर शंभराहून अधिक उभ्या कुंड्या आहेत, आणि त्यांतून वाहते पाणी ठिकठिकाणी पाहता येते. तशीच तपासाची सोय राहावी म्हणून नवा नळ पुरताना चेंबरा-चेंबरात दाबाची तोटी ठेवण्याची तजवीज निविदेतच लिहून घ्यावी.