बहर ओसरलेल्या बागेत डार्विन

इंग्लंडमध्ये बागेचा खरा बहर जूनचा. गुलाब, डेल्फिनियम, फॉक्सग्लोव्ह तेव्हाच फुलून घेतात. ऑगस्ट अर्धा सरला की पानांच्या कडा करपू लागतात, बोंडं वाळतात, उंच दांडे वाऱ्यापावसाने आडवे होतात. तरीही तिथल्या कॉटेज गार्डनला या दिवसांत वेगळीच शोभा येते. कॉटेज गार्डन म्हणजे आपल्याकडच्या जुन्या घरांचं परसदार. फुलझाडं, भाजीपाला, औषधी झुडपं, कुंपणावरचे वेल, सगळं एकमेकांत मिसळलेलं. उन्हाळा उतरणीला लागला की इथे फ्लॉक्स, डेलिया, अॅस्टर उमलतात, घेवड्याच्या वेलीवर फुलं आणि शेंगा एकत्रच दिसतात, आणि दिवसभर माश्यांची ये-जा चालू असते.

अशाच एका बागेत जीवशास्त्रातले काही मोठे प्रश्न सुटले. सप्टेंबर १८४२ मध्ये चार्ल्स डार्विन लंडन सोडून केंट परगण्यातल्या डाउन या खेड्यात राहायला गेले आणि १८८२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. दिवाणखान्यापुढे पत्नी एमाचे फुलांचे वाफे, मागे भाजीची बाग, पुढे १८६३ मध्ये बांधलेलं काचघर, आणि टोकाला ‘सँडवॉक’ नावाची वाळूची पायवाट. गालापागोस बेटांवर डार्विन जेमतेम पाच आठवडे होते, या बागेत चाळीस वर्षं. पण पाठ्यपुस्तकांनी सगळं माप बेटांच्याच पदरात टाकलं आणि बागेवर अन्याय केला, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

८ सप्टेंबर १८५४ ची गोष्ट घ्या. डार्विनच्या नऊ वर्षांच्या मुलाला, जॉर्जला, अॅश वृक्षाच्या बुंध्याशी असलेल्या भोकात बऱ्याच बंबलबी शिरताना दिसल्या. बंबलबी म्हणजे थंड प्रदेशातली गुबगुबीत, केसाळ मधमाशी. भारतात ती मुख्यतः हिमालयात आढळते. आपल्याकडचा काळा भुंगा हा सुतारमाशीच्या कुळातला, तो वेगळा. भोकात पोळं असेल असं समजून डार्विन बघायला गेले, तर आत काहीच नव्हतं. एक माशी आली, क्षणभर तिथे गुणगुणली आणि निघून गेली. थोड्या वेळाने दुसरी आली. तिनेही तेच केलं.

या जागांना डार्विननी ‘गुणगुणण्याच्या जागा’ म्हटलं. माश्या एका जागेवरून दुसरीकडे ठरलेल्या वाटेने जातात हेही त्यांच्या लक्षात आलं. पण उडत्या माशीचा पाठलाग करायचा कसा? त्यांनी घरातल्या पाच-सहा मुलांना एकेका जागेपाशी उभं केलं आणि माशी आली की ओरडून सांगायचं असं ठरवलं. आरोळी एकाकडून दुसऱ्याकडे सरकत जाई आणि माशीची वाट उलगडत जाई. एके ठिकाणी ही वाट दाट कुंपणाखालच्या कोरड्या चरातून जात होती. तिथे मुलं सरपटत आत शिरली आणि पोटावर पडून राहिली. अशा रीतीने सुमारे पंचवीस यार्डांचा रस्ता हाती लागला. या माश्या होत्या बॉम्बस हॉर्टोरम जातीचे नर. पुढच्या काही वर्षांतही हेच निरीक्षण चालू राहिलं. वर्षानुवर्षं त्याच झाडाशी, कुंपणातल्या त्याच फटीशी नर येत. गेल्या वर्षीचे नर तर थंडीपूर्वीच मेलेले असतात, मग नव्यांना वाट कोण दाखवतं, हे कोडं डार्विनना शेवटपर्यंत सुटलं नाही. या नोंदी त्यांच्या हयातीत छापल्याही गेल्या नाहीत. मृत्यूनंतर त्या आधी जर्मन भाषांतरात प्रसिद्ध झाल्या.

नर तिथे थांबून काय करतात ते आज माहीत आहे. डोक्यातल्या ग्रंथीतून पाझरणारा गंध ते खोडावर, पानांवर लावतात आणि त्या खुणांवरून सारखी फेरी मारतात. गंधाला भुलून एखादी नवी राणी येईल, एवढ्याचसाठी. बंबलबीच्या वसाहतीचं आयुष्य एका हंगामाचं असतं. उन्हाळा संपत आला की वसाहतीत नर आणि नव्या राण्या तयार होतात. मीलनानंतर नव्या राण्या अंगात चरबी साठवून जमिनीत शिरतात आणि हिवाळाभर निजतात. जुनी राणी, कामकरी माश्या, नर सगळे मरतात. पुढच्या वर्षीची बंबलबींची पिढी या काही निजलेल्या राण्यांवर अवलंबून असते, आणि त्यांची शिदोरी भरायची तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलं हवीत. आपल्या तेरड्याचा हिमालयातला एक भाऊबंद १८३९ मध्ये शोभेसाठी इंग्लंडला नेला गेला. आज तो तिथल्या नदीकाठांवर बेसुमार माजला आहे आणि स्थानिक झाडांना हटवतो आहे. बंबलबी मात्र उतरत्या उन्हाळ्यात त्याच्यावर तुटून पडतात.

भाजीच्या बागेत डार्विनना लालभडक फुलांच्या घेवड्याने खिळवून ठेवलं. इंग्रजीत याला स्कार्लेट रनर म्हणतात. फुलाच्या मधली पाकळी शंखासारखी पिळलेली असते आणि स्त्रीकेसर-पुंकेसर तिच्या आत दडलेले असतात. माशी जवळपास नेहमी डाव्या बाजूच्या पाकळीवर उतरते. तिच्या वजनाने ती पाकळी दबते, पिळातून स्त्रीकेसराचं टोक बाहेर येतं आणि माशीच्या अंगाला घासतं. डार्विननी काही वेलींवर जाळी घालून माश्यांना मज्जाव केला, तेव्हा शेंगा फार थोड्या धरल्या. जाळीतल्याच काही फुलांच्या पाकळ्या त्यांनी बोटाने माशीसारख्या दाबल्या. त्या फुलांना शेंगा धरल्या. १८५७ मध्ये ‘गार्डनर्स क्रॉनिकल’ या माळ्यांच्या साप्ताहिकात त्यांनी हे कळवलं.

पण सगळ्या माश्या सरळ दाराने येत नाहीत. काही बंबलबींची जीभ आखूड असते. त्या फुलाच्या देठाकडच्या बाजूला चावा घेऊन भोक पाडतात आणि तिथूनच मध चोरतात. अशा चोरीत परागांची देवघेव होत नाही, फुलाच्या पदरात काही पडत नाही. साध्या मधमाशीला असं भोक पाडता येत नाही, पण एकदा ते पडलं की तीही तिथूनच मध चोखते. काल फुलाच्या तोंडाने शिरणाऱ्या मधमाश्या आज एकजात भोकांकडे वळलेल्या डार्विननी पाहिल्या. एकमेकींचं बघून त्या शिकतात की काय, हा प्रश्न त्यांनी मांडून ठेवला. २००८ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात लार्स चिटका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंबलबींवर याचे प्रयोग केले. भोकं पाडलेल्या फुलांचा अनुभव घेतलेल्या माश्या पुढे स्वतःही भोकं पाडायला अधिक प्रवृत्त होतात, असं त्यांना आढळलं. आपल्या अंगणातही ही चोरी चालते. शिंजीर पक्षी जास्वंदीच्या फुलाला देठाकडून चोच खुपसतो ती याचसाठी.

लोबेलिया फुलजेन्स हे मेक्सिकोतलं लाल फुलांचं झाड उन्हाळ्याच्या अखेरीस फुलतं. डार्विनच्या बागेत ते दरवर्षी फुले, पण त्याला एकही बी धरत नसे. शेजारीच दुसऱ्या जातीचा लोबेलिया होता. त्यावर माश्या येत आणि त्याला भरपूर बी धरे. डार्विननी हाताने पराग लावताच लाल लोबेलियालाही बी आलं. ही नोंद १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये आहे. या लाल फुलाचे मायदेशातले पाहुणे म्हणजे हमिंगबर्ड, आणि केंटमध्ये ते कुठून येणार? सह्याद्रीच्या उंच माथ्यांवर फुलणारा देवनळ याच लोबेलियांपैकी.

आता माझ्या सर्वांत आवडत्या झाडाकडे येतो. लिथ्रम सॅलिकॅरिया. पाणथळ जागी वाढणारं, जांभळ्या-गुलाबी फुलांचे उंच तुरे मिरवणारं हे झाड जुलै ते सप्टेंबर फुलतं. मेंदी, डाळिंब, धायटी आणि महाराष्ट्राचं राज्यपुष्प ताम्हण, ही सगळी त्याच्याच कुळातली. प्रत्येक फुलात बारा पुंकेसर असतात, सहा-सहाच्या दोन गटांत. पण लिथ्रमची झाडं तीन प्रकारची असतात. एका प्रकारात स्त्रीकेसर लांब आणि पुंकेसरांचे गट मध्यम व आखूड. दुसऱ्यात स्त्रीकेसर मध्यम, पुंकेसर लांब व आखूड. तिसऱ्यात स्त्रीकेसर आखूड, पुंकेसर लांब व मध्यम. म्हणजे कोणत्याही एका फुलात तीन उंच्या असतात आणि स्त्रीकेसराची उंची त्याच फुलातल्या पुंकेसरांशी कधीच जुळत नाही. नुसतं भिंग असलं तरी हे दिसतं. सर्वांत लांब पुंकेसरांचे पराग हिरवे, बाकीच्यांचे पिवळे.

१८६२ च्या ऑगस्टमध्ये डार्विननी अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना कळवलं की लिथ्रमने आपल्याला अक्षरशः वेड लावलं आहे. ते वेड पद्धतशीर होतं. स्त्रीकेसर तीन प्रकारचे, पराग सहा प्रकारचे, म्हणजे जोड्या अठरा. फुलातले पुंकेसर आधीच काढून टाकायचे, बारीक कुंचल्याने ठरलेले पराग लावायचे, बोंड पिकलं की बिया मोजायच्या. अठराही जोड्या त्यांनी लावून पाहिल्या. भरघोस बी फक्त सहा जोड्यांना आलं, म्हणजे जिथे स्त्रीकेसराची आणि पराग देणाऱ्या पुंकेसराची उंची सारखी होती तिथे. आखूडचे पराग आखूडला, लांबचे लांबला. माशी मधासाठी डोकं खुपसते तेव्हा तिन्ही उंचीचे पराग तिच्या अंगाला वेगवेगळ्या ठिकाणी चिकटतात आणि पुढच्या फुलात त्याच उंचीच्या स्त्रीकेसराला लागतात. घरच्याच परागांनी फळ धरू नये, दुसऱ्या झाडाशी संबंध यावा, यासाठीची ही व्यवस्था. १८६४ मध्ये हा निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे वाचला गेला. फुलांच्या या वेगवेगळ्या रूपांचा अर्थ लागला याइतका आनंद दुसऱ्या कुठल्याही छोट्या शोधाने दिला नाही, असं डार्विननी आत्मचरित्रात नमूद केलं आहे.

परक्या परागांसाठी झाडं एवढा खटाटोप का करतात, हा पुढचा प्रश्न ओघानेच आला. त्याच्या उत्तरासाठी त्यांनी अकरा वर्षं दिली. जांभळ्या मॉर्निंग ग्लोरीची स्वपरागित आणि परपरागित रोपं एकाच कुंडीच्या दोन बाजूंना लावायची, काठ्यांवर चढू द्यायची आणि उंची मोजायची. अशा दहा पिढ्या. परपरागित वेलींची सरासरी उंची शंभर धरली तर स्वपरागितांची सत्त्याहत्तर भरली. सहाव्या पिढीत मात्र एका स्वपरागित वेलीने आपल्या जोडीदाराला अर्ध्या इंचाने मागे टाकलं. डार्विननी तिचं नाव ‘हीरो’ ठेवलं आणि तिची संतती निराळी वाढवून पाहिली. अपवाद दडपायचा नाही, उलट त्याला नाव देऊन त्याच्या मागे जायचं, ही त्यांची रीत मला फार मोलाची वाटते. हे सगळं १८७६ च्या पुस्तकात आलं. त्यातल्याच मक्याच्या पंधरा जोड्यांचे आकडे घेऊन संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ मध्ये प्रयोगरचनेचं शास्त्र समजावून दिलं. डार्विन आणि एमा सख्खी मामे-आतेभावंडं होती. जवळच्या नात्यातल्या विवाहाची धास्ती त्यांच्या मनात घर करून होती, तेव्हा या मोजमापांमागे केवळ कुतूहल नसावं.

एक गोष्ट त्यांच्या काळात कुणालाच ठाऊक नव्हती, ती म्हणजे शेवंतीसारखी फुलं नेमकी उशिराच का फुलतात. अमेरिकेत गार्नर आणि अॅलार्ड यांनी १९२० मध्ये दाखवलं की अशी झाडं दिवसाच्या लांबीवरून ऋतू ओळखतात. पुढे कळलं की त्यांना खरी मोजणी असते ती सलग अंधाराची. रात्री दिवे लावून शेवंतीचा बहर पुढे ढकलतात तो याच आधारावर.

फुलं मोजणाऱ्या या माणसाचं फुलांवर प्रेमही होतं. मुलगा फ्रान्सिस लिहितो की वडील आवडत्या फुलाला हलकेच बोट लावत, आणि त्यांच्या कौतुकात त्या फुलाविषयी कृतज्ञता असे. बाग बघून सुखावणं आणि बागेला प्रश्न विचारणं या दोन वेगळ्या वृत्ती आहेत असं मानणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

डाउन हाउस आणि त्याची बाग आज इंग्लिश हेरिटेजकडे आहे आणि लोकांना पाहता येते. पण तिथवर जायची गरज नाही. भाद्रपदात आपल्याकडे तेरडा, झेंडू, गोकर्ण, भोपळ्याचा वेल, सगळं फुलावर असतं. गच्चीतली एखादी कुंडी असली तरी चालेल. एकच झाड निवडा आणि सकाळी पाव तास त्याच्यापाशी बसा. कोण येतं, कुठल्या पाकळीवर उतरतं, तोंडाने शिरतं की देठाशी भोक पाडतं, ते तारीख घालून वहीत टिपा. एखाद्या फुलावर पातळ मलमलीची पिशवी बांधून त्याला फळ धरतं का पाहा. घरात मुलं असतील तर त्यांना बरोबर घ्या. आणि फुलं उमललेली असताना झाडांवर कीटकनाशक फवारू नका.