वाघ दिसला नाही, म्हणजे वाघ नाही?

गटाने जंगल सफारीला गेलं की लॉजवर बस थांबल्या थांबल्या एक प्रश्न ठरलेला असतो. बॅगा अजून डिकीतच असतात, निम्मे लोक पाय मोकळे करत असतात, आणि कुणीतरी मॅनेजरला गाठून विचारतंच, "काय, काल वाघ दिसला का?" ताडोब्याला असाल तर तो हसून आकडा सांगतो. चांदोली किंवा कोयनेच्या बाजूला असाल तर गवे, सांबर, भेकर, शेकरू अशी यादी सांगतो आणि चहा कुठे ठेवलाय ते दाखवतो. मग गटात कुजबूज सुरू होते: इथे वाघ नाहीच म्हणे.

या 'नाहीच म्हणे'वर आज लिहायचं आहे. पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांनी तर हे नीट वाचा, कारण यातला घोटाळा फक्त वाघांपुरता नाही.

आधी जागा समजून घेऊ. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली जाहीर झाला. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान हे त्याचे दोन मुख्य भाग. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत मिळून क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा साधारण ६०० चौरस किलोमीटरचा. एका बाजूला कोयनेचा शिवसागर, दुसऱ्या बाजूला वारणेचा वसंतसागर, मध्ये खोल दऱ्या, दाट सदाहरित झाडी आणि वर जांभ्या दगडाचे सडे. ताडोब्यात साग आणि बांबूचं पानगळीचं जंगल आहे. उन्हाळ्यात तिथे पानं झडतात, पाणी थोड्याच ठिकाणी उरतं आणि जिप्सी त्या पाणवठ्याशी जाऊन थांबते. आपल्याकडे झाडी एप्रिलमध्येही हिरवीगार, आणि धरणाचं पाणी मैलोन् मैल पसरलेलं. वाघ रस्त्यापासून वीस फुटांवर बसला असला तरी दिसणार नाही.

म्हणजे 'वाघ आहे का' आणि 'असला तर दिसेल का' हे दोन वेगळे प्रश्न झाले. पहिल्याला म्हणायचं अस्तित्व, दुसऱ्याला आढळण्याची शक्यता. लॉजवरचा मॅनेजर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि आपण ते पहिल्याचं समजून घेतो.

आता थोडं गणित. समजा (आकडा केवळ उदाहरणासाठी घेतलाय) जंगलात वाघ नक्की आहे आणि एका सफारीत तो दिसण्याची शक्यता ५ टक्के आहे. तर न दिसण्याची शक्यता ०.९५. सलग २० सफारींत एकदाही न दिसण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे जवळपास ०.३६. वीस फेऱ्या रिकाम्या गेल्या तरी त्यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही! ही शक्यता ५ टक्क्यांच्या खाली आणायला साधारण ६० फेऱ्या लागतात. तुमचा गट किती फेऱ्या करणार? फार तर दोन.

इथे हुशार विद्यार्थी म्हणतो, "पण सर, आमच्या पाच जीप होत्या, म्हणजे दोन दिवसांत दहा फेऱ्या." नाही. एकाच सकाळी, एकाच रस्त्यावर, एकमेकींची धूळ खात गेलेल्या पाच जीप म्हणजे पाच स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. पहिल्या जीपच्या आवाजाने प्राणी आत गेला तर मागच्या चौघींनाही तो दिसणार नाही. वरचं घाताचं गणित स्वतंत्र निरीक्षणांनाच लागू पडतं. प्रयोगशाळेतही हेच होतं: एकाच कुंडीतली दहा पानं मोजून नमुना दहाचा आहे असं लिहितात, आणि परीक्षक नेमका तिथेच अडवतो.

शिवाय पर्यटकाला जंगलाचा ठरावीक भागच दिसतो. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गाभा क्षेत्राच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटन करता येतं. पावसाळ्यात तेही बंद. त्यामुळे सफारीच्या नोंदी कोरड्या महिन्यांच्या, दिवसाउजेडीच्या आणि रस्त्याकडेच्या असतात.

माझ्या कामात वाघ नाहीत, बेडूक आहेत. पण सड्यावर रात्री उभं राहिलं की हाच प्रश्न येतो. पाऊस थांबलेल्या रात्री एकही आवाज आला नाही, तर बेडूक नाही असं लिहायचं की ओरडला नाही असं?

यावर उपाय म्हणून कॅमेरा ट्रॅप आले. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे लावतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगवेगळे असतात. एकाच बाजूचा फोटो मिळाला तर एका वाघाचे दोन वाघ व्हायची भीती. पट्ट्यांवरून प्राणी ओळखता आला की तो पुन्हा किती वेळा सापडतो यावरून न सापडलेल्यांचा अंदाज बांधता येतो. २०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. आलेला आकडा बातम्यांत २,९६७ म्हणून छापला गेला, पण अहवालात त्याच्यासोबत २,६०३ ते ३,३४६ अशी कक्षाही आहे. कक्षेशिवाय आकडा कुणी सांगितला तर मी तरी तो वहीत उतरवत नाही.

सह्याद्रीत मे २०१८ मध्ये कॅमेऱ्यात वाघ आला, आणि डिसेंबर २०२३ मध्येही. या नोंदींमागे कॅमेऱ्यांच्या किती रिकाम्या रात्री आहेत याचा विचार करा. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्यातून एक वाघीण चांदोलीत आणली गेली. 'इथे वाघ नाहीच म्हणे' या वाक्याला इथे वजन आहे, कारण या जंगलासाठी माणसांनी गावं सोडली आहेत. वाघच नाही तर आम्ही का उठलो, असं त्यांनी विचारलं तर ते रास्तच आहे. त्यांना द्यायचं उत्तर दोन दिवसांच्या सहलीवरून देता येत नाही. आणि वाघ कमी आहेत हे खरं असेल, तर तेही नीट मोजूनच सांगावं लागेल.

तुमच्या विभागाची सहल मणदूर किंवा कोयनानगरकडे निघाली तर एक करून बघा. लॉजवर बहुधा एक फळा असतो: तारीख, प्राणी, संख्या. त्यावर दिसलेलंच लिहितात. तुम्ही वहीत गेट ओलांडल्याची वेळ, परतल्याची वेळ, मार्ग, पुढे किती गाड्या होत्या, आदल्या रात्री पाऊस होता का, हे लिहा. आणि काही दिसलं नाही ती फेरीही लिहा. मग मॅनेजरला फळ्यावर 'आज काही नाही, सकाळी ६ ते ९' अशी ओळ लिहायला सांगा. तो आधी नाहीच म्हणेल, कारण अशा ओळीने गिऱ्हाईक येत नाही.