घटसर्पाचा माग गोठ्यापर्यंत

परभणी जिल्ह्यातल्या पशुपालकाला घटसर्प म्हटलं की पावसाळ्याआधी जनावरांना टोचायची लस आठवते. तो आजार पाश्चुरेला जिवाणूचा. माणसाच्या घटसर्पाशी त्याचा संबंध नाही. मात्र जनावरांतच राहणारा कोरीनेबॅक्टेरियम अल्सरन्स नावाचा आणखी एक जिवाणू आहे. त्याच्या अंगी घटसर्पाच्या विषाचं जनुक असेल, तर तो माणसाच्या घशात हुबेहूब घटसर्प उभा करतो: टॉन्सिलवर राखाडी, चिवट पापुद्रा, खरवडला की रक्त, पुढे विष हृदयापर्यंत पोचतं. पूर्वी त्याचा माग कच्च्या दुधाशी आणि दगडी झालेल्या सडाशी लागायचा. अलीकडे ब्रिटन, फ्रान्स, जपानमध्ये तो कुत्र्यामांजरांशी लागतो आहे. जपानमध्ये २०१६ साली मांजरांना खाऊ घालणारी साठीतली एक महिला त्याने दगावली.

म्हणून केवळ बाळांच्या लसीकरणावर विसंबून भागणार नाही. मुलांना लस दिली की माणसामाणसांत फिरणारा घटसर्प आटतो, पण जनावरांतला साठा तसाच राहतो. सरकारी वेळापत्रकात सोळाव्या वर्षी टीडीचा, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाच्या लसीचा, डोस मिळतो. त्यानंतर नियमित डोस फक्त गरोदरपणात. रोज धार काढणाऱ्या पन्नाशीच्या माणसाची प्रतिकारशक्ती तोवर ओसरलेली असू शकते. लस विषाविरुद्ध काम करते, त्यामुळे हाच डोस या जिवाणूच्या विषापासूनही वाचवतो. गोठ्यात राबणाऱ्या प्रौढांना तो मिळायलाच हवा.

कुणी म्हणेल, आपण दूध उकळूनच पितो. खरं आहे, आणि त्याने दुधाची वाट बंद होते. शिंकणाऱ्या मांजराची होत नाही. मग इथे असा रुग्ण कुठे आढळला? आढळायला आधी शोधावं लागतं. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घशाचा स्वॅब घ्यायचा, जिवाणू वाढवून त्याची जात ओळखायची, मग एलेक चाचणी: प्रतिविषात भिजवलेली कागदाची पट्टी माध्यमावर ठेवायची; जिवाणू विष सोडत असेल तर दोन्ही भेटतात तिथे पांढरी रेघ उमटते. उपचार मात्र निकालासाठी थांबवायचे नाहीत, कारण पेशींत शिरलेल्या विषावर प्रतिविष चालत नाही. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय जुनं आहे, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. रुग्णाच्या कागदावर घरच्या जनावरांची नोंद झाली, तर त्यांचे नमुने परभणीतच तपासता येतील. आणि भीतीपोटी कुत्रं-मांजर हाकलायचं कारण नाही. लागण दिसली तर त्यांच्यावरही अँटिबायोटिकने उपचार होतात.