वाघ, कुंभार आणि इंग्रजीचा भूतकाळ

मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीचा भूतकाळ बहुधा तक्त्यानेच शिकवला जातो. गो-वेंट-गॉन, सी-सॉ-सीन, टेक-टुक-टेकन. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच आहे, त्यामुळे आठवी-नववीत पोचलेल्या मुलाने हा तक्ता कितीतरी वेळा घोकलेला असतो. तरीही ‘काल काय केलंस’ असे इंग्रजीत विचारले की ‘आय वॉज गो’ नाहीतर ‘आय डिड नॉट वेंट’ असे उत्तर येते. रूप पाठ असते, पण ते वाक्यात कुठे घालायचे हे जिभेला माहीत नसते. लोककथा उपयोगी पडते ती इथे, आणि केवळ ती रंजक असते म्हणून नव्हे. मुलाला गोष्ट आधीच ठाऊक असते. पुढे काय होणार याची चिंता नसल्यामुळे त्याचे सगळे लक्ष क्रियापदाकडे देता येते.

उदाहरणादाखल पहूरच्या शाळेतला वर्ग घेऊ. जामनेर तालुक्यातले हे गाव जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वाघूर नदीच्या काठी आहे. पहूर पेठ आणि पहूर कसबे अशी त्याची दोन अंगे. या पट्ट्यातल्या मुलांच्या घरी बोलतात ती तावडी, कुठे अहिराणीच्या जवळ जाणारी बोली. शाळेत प्रमाण मराठी, आणि तिच्यावर इंग्रजी. अशा वर्गासाठी गोष्ट निवडतानाच अर्धे काम होते किंवा बिघडते. चिमणी-कावळ्याची किंवा भोपळ्यातून जाणाऱ्या म्हातारीची गोष्ट पाचवीपर्यंत छान चालते, कारण तिच्यात एकच वाक्य पुन्हापुन्हा येते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला मात्र ती सांगायला लाज वाटते. तो मागच्या बाकाकडे बघून हसतो आणि गप्प बसतो. या वयाला फजिती लागते, फुशारकी लागते, मोठ्या माणसाचा पोपट झालेला लागतो.

गळतीला भ्यालेल्या वाघाची गोष्ट या कामाला फार बरी पडते. ती देशात ठिकठिकाणी वेगवेगळ्या नावांनी सांगितली जाते, आणि इंग्रजीत येऊनही तिला दीडशेहून अधिक वर्षे झाली. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांची मुलगी मेरी फ्रेअर हिने घरच्या आयाकडून, म्हणजे ॲना लिबराता डिसूझा हिच्याकडून, ऐकलेल्या गोष्टी १८६८ मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नावाने छापल्या. त्यात ही गोष्ट आहे. पावसाच्या रात्री वाघ एका म्हातारीच्या झोपडीच्या भिंतीला चिकटून बसतो. आत छप्पर गळत असते. वाघ आला तरी चालेल पण ही गळती नको, असे म्हातारी वैतागून बोलते. आपल्याहून भयंकर असे हे कोण, म्हणून वाघाला घाम फुटतो. तेवढ्यात हरवलेले गाढव शोधत एक कुंभार येतो, अंधारात वाघालाच गाढव समजून बडवतो, त्याच्यावर बसून घरी नेतो आणि बांधून ठेवतो. सकाळी गावभर बोभाटा होतो, राजा कुंभाराला सेनापती करतो, आणि पुढची फजिती सुरू होते. पुस्तकातले इंग्रजी जुन्या घडणीचे आहे. ते वर्गात वाचून दाखवण्यात अर्थ नाही. घ्यायचा तो सांगाडा. झोपडीच्या जागी धाब्याचे घर घातले की खानदेशातल्या मुलाला काही समजावून सांगावे लागत नाही. धाब्यावर खारी माती टाकायची राहून गेली तर काय होते, आणि मग घमेले, परात, पातेले घेऊन घरभर कसे नाचावे लागते, हे घरातल्या मोठ्यांकडून तरी त्याने ऐकलेले असते.

पहिला तास इंग्रजीचा नसतोच. गोष्ट घरी विचारून यायची आणि घरच्या बोलीत सांगायची. यात वेळ गेला असे वाटते, पण शिक्षकाला इथेच एक गोष्ट पकडता येते. आजी गोष्ट सुरू करते भूतकाळात, ‘एक कुंभार होता’ अशी, आणि रंगात आली की वर्तमानकाळात शिरते: कुंभार काय करतो, वाघाचा कान धरतो, पाठीवर बसतो. ऐकणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. तोंडी इंग्रजीतही असे चालते. पण मूल हीच सवय लेखी इंग्रजीत नेते आणि ‘देअर वॉज अ पॉटर’च्या पाठोपाठ ‘ही कॅच द टायगर’ लिहिते. ते तक्ता विसरले म्हणून नव्हे. ते आजीसारखे सांगत असते. हे शिक्षकाला माहीत असेल तर लाल शाईचा सूर बदलतो.

दुसऱ्या तासाला शिक्षक गोष्ट इंग्रजीत सांगतो. पुस्तक मिटलेले, वाक्ये छोटी. फळ्याच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे जे चाललेले होते ते, उजवीकडे जे घडले ते. डावीकडे येते: इट वॉज रेनिंग. द रूफ वॉज लीकिंग. द टायगर वॉज सिटिंग बाय द वॉल. उजवीकडे: द टायगर हर्ड हर. द पॉटर केम. ही किक्ड द टायगर. ही रोड होम. डावी बाजू वाचली की गोष्ट जागची हलत नाही. उजवी वाचली की ती पळते. व्याख्या सांगायच्या आधी मुलांना हा फरक कानाने कळतो. मग म्हातारी भांडी सरकवते ते कुठे घालायचे, असा प्रश्न वर्गाला टाकायचा. हमखास वाद होतो. ती रात्रभर सरकवत होती म्हणून डावीकडे, असे काहींचे म्हणणे. बोलण्याआधी तिने एक परात जोरात ओढली आणि तो आवाज वाघाने ऐकला, म्हणून उजवीकडे, असे दुसऱ्यांचे. दोन्ही बरोबर आहेत, आणि दोन्ही फळ्यावर यायला हवीत: ‘वॉज मूव्हिंग हर पॉट्स’ आणि ‘पुल्ड अ प्लेट’. काळ म्हणजे घड्याळातली वेळ नसून सांगणाऱ्याची नजर आहे, हे याहून सोप्या रीतीने दाखवणे अवघड आहे.

याच फळ्यावर कोणीतरी ‘द डाँकी वॉज वेंट’ लिहिते. ही चूक हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण तिच्यामागे चोख हिशेब आहे. मराठीत ‘गाढव गेले होते’. गेले म्हणजे वेंट, होते म्हणजे वॉज. मुलाने दोन्ही शब्द प्रामाणिकपणे आणले. इंग्रजीत तिथे ‘हॅड गॉन’ लागते. पण एवढे शिकवून थांबले तर उलटी चूक सुरू होते. मराठी माणूस ‘काल मी जळगावला गेलो होतो’ असे सहज म्हणतो, जरी त्या जाण्याआधी-नंतर दुसरे काहीच सांगायचे नसले तरी. तेच इंग्रजीत ‘आय हॅड गॉन टू जळगाव यस्टरडे’ होऊन बसते, आणि ही चूक पुढे पदवीधरांच्या अर्जांतही जाते. गोष्ट इथे चांगला पंच ठरते. कुंभार घराबाहेर पडला तेव्हा गाढव आधीच पळून गेलेले होते. दोन घटनांतली मागची, म्हणून ‘हॅड रन अवे’. वाघावर बसून तो घरी गेला, त्याच्या पलीकडे काही नाही, म्हणून नुसते ‘वेंट’. ‘हॅड’ला पुढे एक दुसरी घटना दिसली पाहिजे, ती दिसत नसेल तर ‘हॅड’ खोडायचा, एवढी एकच कसोटी आठवीला पुरते.

संवाद हा यापुढचा खड्डा. भूतकाळ शिकवायला घेतला की उत्साही मुले सगळेच भूतकाळात नेतात. म्हातारी म्हणते, ‘आय वॉज अफ्रेड ऑफ द ड्रिप.’ पण ती तर त्या क्षणी घाबरलेली आहे. अवतरणचिन्हाच्या आत पात्राचा काळ, बाहेर सांगणाऱ्याचा. वर्गात हे दोन आवाजांत करून बघता येते: एक मूल फक्त बाहेरची वाक्ये म्हणते, दुसरे फक्त पात्राचे बोलणे. बाहेरच्याने ‘सेड’ म्हणेपर्यंत आतल्याने तोंड उघडायचे नाही. असे केले की ‘सेड’चा उच्चारही आपोआप सुधारतो, एरवी स्पेलिंग बघून ‘सैड’ म्हणणारे बरेच असतात.

एवढे झाले तरी नुसते गोष्ट सांगण्याने ‘डिड’ येत नाही. कथनात होकारार्थी वाक्येच फार. प्रश्न आणि नकार जवळपास नसतात. लोककथेने इंग्रजी शिकवणारे बरेच प्रयोग इथे अडतात, कारण गोष्ट संपली की धडा संपला असे समजले जाते. पहूरच्या वर्गात गोष्ट संपल्यावर पोलीस पाटलाला बोलवावे. गावात बांधलेला वाघ सापडला आहे, पंचनामा करायचा आहे. एक मूल पाटील, दोघे पंच, बाकीचे साक्षीदार. कुंभार, म्हातारी आणि मुलांनी हट्ट धरलाच तर वाघही. पाटील विचारतो, ‘व्हेअर डिड यू फाइंड द टायगर?’ कुंभार म्हणतो, ‘आय डिडन्ट फाइंड अ टायगर. आय फाउंड माय डाँकी.’ एका उत्तरात ‘फाइंड’ही आले आणि ‘फाउंड’ही. ‘डिड’ने भूतकाळ उचलला की क्रियापद मोकळे होते, हे कानावर पडत राहते. ‘डिड नॉट वेंट’चे मूळही मराठीतच आहे: ‘गेला’चे ‘गेला नाही’ केले तरी ‘गेला’ जागचा हलत नाही. म्हणून पंचांना एकच काम द्यावे. एका वाक्यात भूतकाळ दोनदा आला की हात वर करायचा. ‘हू टाइड द टायगर?’ या प्रश्नावर मात्र ‘डिड’ नाही म्हणून उगाच हात वर होतात. विचारणा कर्त्याचीच असेल तेव्हा ‘डिड’ लागत नाही, हे तिथल्या तिथे सांगून पुढे जावे.

मराठीत शिकलेल्या मुलाला इंग्रजी भूतकाळात काही सवलतीही आहेत, त्या सहसा कोणी त्याला सांगत नाही. गेलो, गेलास, गेली, गेले, गेल्या या सगळ्यांना एकच ‘वेंट’. राजाने भाकरी खाल्ली आणि राजाने लाडू खाल्ला, दोन्हीकडे ‘एट’. कर्माचे लिंग बघावे लागत नाही. ‘वॉज’ आणि ‘वेअर’ सोडले तर कर्त्याप्रमाणेही काही बदलत नाही. आणि ‘राजा रोज शिकारीला जाई’ हा जो रीतिभूतकाळ मराठी व्याकरणात शिकवतात, त्याला इंग्रजीत ‘यूज्ड टू’ किंवा ‘वुड’ तयार आहे. पहूरमध्ये त्याचे उदाहरण गोष्टीबाहेरही सापडते. पाचोरा-जामनेर नॅरोगेज, म्हणजे लोकांची पीजे, पहूरला थांबत असे; आता ती बंद आहे. ‘द ट्रेन यूज्ड टू स्टॉप हिअर’ या वाक्याला वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

उच्चारासाठी वर्णमाला हाताशी असतेच. ‘-ईडी’ लावलेल्या क्रियापदांचा शेवट तीन तऱ्हांनी होतो, आणि मुले ‘किकेड’, ‘जंपेड’ असे एकाच तऱ्हेने म्हणतात. मराठी व्याकरणात कठोर आणि मृदू व्यंजने शिकवलेली असतात. क्रियापदाचा शेवटचा आवाज क, प, फ, स, श असा कठोर असेल तर ‘ट’: किक्ट, जम्प्ट, लाफ्ट. मृदू व्यंजन किंवा स्वर असेल तर ‘ड’: पुल्ड, लिव्ह्ड, टाइड. शेवटी ट किंवा ड असेल तरच वेगळे अक्षर: वॉन्टिड, शाउटिड. मराठीच्या तासाला शिकलेले इंग्रजीच्या तासाला कामाला येते याचे मुलांना नवल वाटते. अनियमित क्रियापदांसाठी अशी युक्ती नाही. इंग्रजीत ती सुमारे दोनशे आहेत, पण एका लोककथेत वीस-पंचवीसच फिरून फिरून येतात: सेड, वेंट, केम, सॉ, हर्ड, थॉट, टुक, रॅन. तक्त्यात हीच रूपे वर्णानुक्रमाने बसलेली असतात, गोष्टीत ती गरजेच्या क्रमाने येतात.

लेखन सर्वांत शेवटी. वाक्ये कागदाच्या पट्ट्यांवर लिहून, पिसून, गटांना लावायला द्यावीत. विल्यम लॅबोव्ह आणि जोशुआ वालेत्स्की यांनी १९६७ साली कथनाचे जे विश्लेषण केले त्याचा गाभा हाच होता: भूतकाळातल्या वाक्यांचा क्रम बदलला की घटनांचा क्रम बदलतो. उजव्या रकान्यातल्या पट्ट्यांची अदलाबदल केली की कुंभार आधी वाघाला बांधतो आणि मग त्याच्यावर बसतो. मुले हसतात आणि पट्टी परत जागेवर ठेवतात. डाव्या रकान्यातल्या पट्ट्या कुठेही ठेवा, फारसे बिघडत नाही. त्यानंतर गोष्टीचा उत्तरार्ध प्रत्येकाने स्वतः लिहायचा. सेनापती झालेल्या कुंभाराला घोड्यावर बसता येत नाही, बायको त्याला घोड्याला बांधते, घोडा उधळतो, कुंभार वडाचे झाड धरतो आणि ते मुळासकट उपटून येते. ते घेऊन येणारा वीर पाहून शत्रूची फौज पळ काढते. हा भाग शिक्षकाने इंग्रजीत आधी सांगायचा नाही. तपासताना एका वेळी एकच गोष्ट तपासावी: या खेपेला फक्त ‘हॅड’, पुढच्या खेपेला फक्त संवाद. सगळ्या चुका एकदम लाल केलेली वही मूल दुसऱ्यांदा उघडत नाही. नववी-दहावीत दिलेल्या सुरुवातीवरून किंवा शेवटावरून गोष्ट लिहायचा प्रश्न येतो, त्याची तयारी या उत्तरार्धातच होऊन जाते. दुसऱ्या सत्रात हीच रीत वेगळ्या गोष्टीवर चालवावी, आणि ती गोष्ट वर्गातल्या मुलांनीच घरून आणलेली असावी.