हसऱ्या माशांचा कुंभारवाडा

जपानच्या दक्षिण टोकाला, ओकिनावाच्या बेटांवर, मासे हसतात. निदान तिथल्या थाळ्यांवरचे आणि सुरयांवरचे तरी. गोबऱ्या अंगाचे, वाटोळ्या डोळ्यांचे, आणि शेजारी मिशा फेंदारलेली कोळंबी. उबदार समुद्र, निवांत बेट, म्हणून ही लहर, असं स्पष्टीकरण सहज दिलं जातं. मला ते पटत नाही. हे हसू मातीतून आणि हाताच्या वेगातून आलेलं आहे. तिथली माती भाजल्यावर गडद होते, म्हणून भांड्यावर पांढऱ्या मातीचा लेप चढवतात आणि तो पुरता सुकायच्या आत टोकदार हत्याराने रेघ ओढतात. लेप खरवडून खालचा काळपट रंग उघडा पडतो. ही रेघ खोडता येत नाही. हात अडखळला तर ती अडखळही भट्टीत जाते. त्यामुळे एकेक खवला मोजत बसणाऱ्याचं इथे काम नाही. पाठीचा बाक एका दमात यावा लागतो, आणि अशा रेघेत शेपटी थोडी जास्तच वळते, तोंडाचा कोपरा थोडा वर जातो.

वेगातून निष्काळजीपणा येईल, हसू कसं येईल, असं कुणी विचारेल. उत्तर किंजो जिरो या कुंभाराच्या कामात आहे. 1912 साली जन्मलेले जिरो पोरवयातच नाहा शहरातल्या त्सुबोया या कुंभारवाड्यात कामाला लागले. र्‍युक्यू या ओकिनावाच्या जुन्या राजसत्तेने 1682 मध्ये विखुरलेल्या भट्ट्या एकत्र आणून तो वसवला होता. दुसऱ्या महायुद्धात नाहा उद्ध्वस्त झालं, त्सुबोया त्या मानाने वाचलं, आणि लोकांना आधी हवे होते ते जेवायचे वाडगे. जिरोंनी 1946 मध्ये स्वतःचं काम सुरू केलं ते या काळात. त्यांची रेघ सैल दिसते ती सरावाने. निष्काळजी रेघ सैल नसते, ती नुसती चुकलेली असते. पुढे वाढत्या शहराला लाकडाच्या भट्ट्यांचा धूर सोसेना, तेव्हा 1972 मध्ये ते योमितान गावी गेले.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. यानागी सोएत्सु यांच्या लोककला चळवळीने अनाम कारागिराच्या सौंदर्याचा गौरव केला, आणि जिरोंना तर 1985 मध्ये सरकारने ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला. मग अनामपण उरलं कुठे? विसंगती आहेच, ती लपवण्यात अर्थ नाही. पण मान माणसाला मिळाला, मासा भांड्याच्या कामातच राहिला. त्सुबोयाच्या अनेक थाळ्यांत मधोमध झिलई खरवडलेलं एक वर्तुळ दिसतं. भट्टीत थाळ्या एकावर एक रचताना चिकटू नयेत म्हणून ते ठेवतात, आणि माशाला त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं. पर्यटकांच्या दुकानातल्या गुळगुळीत, साचेबंद माशाला अशा कशाशीच जुळवून घ्यावं लागत नाही. त्याचं तोंड हसरं असतं, एवढंच.