शरीरातला जागल्या

रावेरच्या शिवारात केळीची बाग कोणी पाहिली नाही? केळीच्या बुंध्याशी पिले फुटतात. शेतकरी काय करतो? विळा घेतो आणि नको ती पिले कापून टाकतो. पिले कापली नाहीत तर बागेत दाटी होईल. पाणी आणि खत तीच खातील. घड बारीक पडेल.

आपले शरीरही एका बागेसारखे आहे. इथेही वाढ हवी, पण ती हिशेबाने हवी. बेहिशेबी वाढ झाली, की तिलाच आपण कर्करोग म्हणतो. कोणी कॅन्सर म्हणतात. ही वाढ रोखतो कोण? ते आता पाहू.

घर विटांचे असते. तसे शरीर पेशींचे असते. पेशी इतकी लहान, की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. माणसाच्या अंगात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात. विळा लागून बोट कापले, तर काही दिवसांत जखम भरते ना? ते नव्या पेशींचे काम. एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार होतात.

प्रत्येक पेशीने कसे वागावे, हे तिच्या आत लिहिलेले असते. त्या लिखाणाला डीएनए म्हणतात. त्यात सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत. या लिखाणातला एकेक हुकूम म्हणजे एकेक जनुक. एका पेशीच्या दोन होताना या सगळ्या लिखाणाची नक्कल करावी लागते.

तलाठ्याच्या दप्तरातून सातबाऱ्याची नक्कल करताना एक आकडा चुकला तर काय होते? वावर एकाचे, नाव दुसऱ्याचे! पेशीतही अशा चुका होतात. शिवाय लिखाण खराबही होते. कडक ऊन कातडीच्या पेशींतले लिखाण बिघडवते. तंबाखू तोंडातले बिघडवते, विडीचा धूर फुफ्फुसातले बिघडवतो. शरीराच्या रोजच्या कामातूनही बिघाड होतो. एकेका पेशीत दररोज हजारो बारीक बिघाड होतात.

मग आपण जगतो कसे? कारण दुरुस्तीही तितकीच चालू असते.

गावात रात्री जागल्या फिरत असे. काही खुट्ट वाजले, की तो हाक देई, "कोण आहे रे?" पेशीतही असा जागल्या आहे. त्याचे नाव पी-५३. लिखाण फाटलेले दिसले, की तो सांगतो, "थांब! आधी दुरुस्ती कर, मग नक्कल कर." पेशी थांबते. दुरुस्ती करणारे कामाला लागतात. दुरुस्ती होण्याजोगी नसेल, तर जागल्या त्या पेशीला मरायला लावतो. एक पेशी जाते, पण माणूस वाचतो.

गंमत अशी, की शास्त्रज्ञांना पी-५३ सापडला १९७९ साली. तेव्हा त्यांनी त्यालाच चोर समजले! हाच कर्करोग करतो, असे त्यांना वाटले. तो चोर नसून राखणदार आहे, हे १९८९ साली नीट कळले.

ब्रका नावाची दोन जनुकेही अशीच राखण करतात. डीएनएचा धागा तुटला, तर चांगली प्रत समोर ठेवून तो सांधायला ती मदत करतात.

अशा प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक बापाकडून आलेली. एक बिघडली तरी बहुधा दुसरी काम चालवते. दोन्ही बिघडल्या, की राखण सुटते. काही माणसांना जन्मतःच एक प्रत बिघडलेली मिळते. त्यांना धोका जास्त असतो. म्हणून एखाद्या घरात आई, मावशी, बहीण अशा अनेकींना स्तनाचा कर्करोग होतो. तो शाप नाही. कोणाचे पापही नाही. शिवल्याने तो लागतही नाही.

या बाबतीत एका मराठी बाईचे नाव सांगायलाच हवे. डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म १९१७ साली पुण्यात झाला. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी काम केले. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध त्यांनी उंदरांवर प्रयोग करून तपासला. ही जनुके सापडण्याच्या कितीतरी आधीचे हे काम. १९८२ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

आता कोणी म्हणेल, "आमचा बाबा जन्मभर तंबाखू खात होता, त्याला कुठं काय झालं?" खरे आहे. डोळे मिटून रस्ता ओलांडणारा एखादा वाचतोही. म्हणून आपण मुलांना डोळे मिटून चालायला सांगतो का? तंबाखू, गुटखा, मशेरी रोज तोंडात गेली, की लिखाण रोज फाटते. पुढे जागल्याचेच लिखाण फाटते. मग हाक देणार कोण?

तर मंडळी, एवढे ध्यानात ठेवा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा आला, दोन-तीन आठवड्यांत फोड बरा झाला नाही, तोंड पुरते उघडेना, तर लगेच दवाखान्यात जा. स्तनात गाठ लागली, तर दुखत नाही म्हणून घरी बसू नका. लाजू नका. घरात अनेकांना कर्करोग झाला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. मुंबईत परळला टाटा रुग्णालय १९४१ पासून चालू आहे. त्याच्या खारघरच्या केंद्रात अशा घराण्यांची जनुके तपासतात.

रोग लवकर कळला तर बरा होण्याची आशा मोठी असते. जागल्या आपली राखण करतो. त्याची राखण आपण करू या.

सांगा पाहू:
१. जागल्या पेशीला काय सांगतो?
२. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असण्याचा फायदा काय?
३. तुमच्या घरात तंबाखू कोण खाते? त्यांना तुम्ही हा धडा वाचून दाखवाल का?