चोवीस वर्षे चुकीच्या नावाने!

तमिळनाडूतील हाय वेव्ही डोंगररांगेत १९४८ मध्ये निसर्गअभ्यासक अँगस हटन यांना एक वटवाघूळ मिळाले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संग्रहात त्याची नोंद आखूड नाकाचे फलाहारी वटवाघूळ अशी झाली. १९७२ मध्ये थायलंडचे प्राणिशास्त्रज्ञ कित्ती थोंगलोंग्या यांनी तो नमुना पुन्हा तपासला, तेव्हा ही जात विज्ञानाला सर्वस्वी नवी असल्याचे उघड झाले. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांच्या सन्मानार्थ तिचे ‘लॅटिडेन्स सलीमअली’ असे नामकरण करण्यात आले.

दोन्ही वटवाघळे फलाहारी आणि दिसायला सारखी. मात्र पहिल्याला आखूड शेपटी असते, सलीम अलींच्या वटवाघळाला ती नसते. पहिल्याच्या वरच्या जबड्यात पटाशीचे चार दात असतात, दुसऱ्याच्या दोनच. पहिले ताडामाडाची पाने कुरतडून त्याखाली मुक्काम करते आणि शहरातील बागांतही रमते. दुसरे दक्षिण पश्चिम घाटातील जंगलांत, गुहांच्या आश्रयाने राहते. त्यामुळेच जंगलतोड व शिकार त्याला अधिक जाचते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत पहिले ‘कमी चिंतेच्या’, तर दुसरे ‘संकटग्रस्त’ वर्गात आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मात्र फलाहारी वटवाघळांना सरसकट ‘उपद्रवी’ ठरवले होते. सलीम अलींच्या वटवाघळाला पुढे पहिल्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले. उपद्रवी प्राण्यांची अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने रद्द झाली. नेमकी ओळख पटल्याखेरीज नेमके संरक्षण शक्य नाही, हाच या नमुन्याचा धडा.